उत्तेजनार्थ सारस

चूक एवढीच झाली की उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्याचं मी घरी सांगितलं.

जिल्ह्यात कुठलीशी निसर्ग छायाचित्र स्पर्धा होती. पहिला, दुसरा, तिसरा झाल्यावर जे उरतात ते रडू नयेत म्हणून जे देतात, ते मला मिळालं. फोटो आमच्याच तलावाकाठच्या सारस जोडीचा होता, दोघं चोच आभाळाकडे करून ओरडतायत असा. गप्प बसायला हवं होतं. पण इंजिनीअरिंग तिसऱ्या सेमिस्टरला सोडून आलेल्या माणसाला जेवताना टोमण्यांशिवाय दुसरं काहीतरी ऐकावंसं वाटतंच.

बाबूजी ताटातून मान वर न काढता म्हणाले, "पैला कोन आला?"

"पहिला दुसराच कोणी. मला उत्तेजनार्थ आहे."

"म्हंजे हारला."

"हरलो नाही. उत्तेजन मिळालं."

"हारलेल्यालेच उत्तेजन देतेत. जितला त्याले कायले लागते?"

बाबूजींशी वाद घालण्यात अडचण एकच आहे. ते अधूनमधून बरोबर असतात.

आमच्यात करार झालेला होता. नागपूरच्या एका जंगल-सफारीवाल्यांना फोटो काढणारा माणूस हवा होता. त्यांचे साहेब मला म्हणाले होते, घरट्यातल्या सारसाच्या पिल्लाचा फोटो आण, नोकरी तुझी. बाबूजींनी मुदत घातली दसऱ्याची. तोवर फोटो झाला तर नागपूर. नाही तर आमगावला ओमेश्वर काकाजींच्या कृषी केंद्रात खताच्या चुंगड्यांवर, म्हणजे पोत्यांवर, बसायचं, जन्मभर.

आणि नशीब बघा, सारसाच्या जोडीनं त्या वर्षी आमच्याच बांधीत, शेतातल्या उभ्या धानात, घरटं केलं. दोन अंडी. मी शंभर पावलांवर बांधाला हिरवी जाळी लावून तिच्यामागे उकिडवा बसू लागलो. रोज पहाटे. (गावानं बघितलं की मनोहरलालचा पोरगा रोज पहाटे बांधावर जाळीआड उकिडवा बसतो आणि तास तासभर उठत नाही. चौथ्या दिवशी मायनं माझ्यासाठी ओवा भाजला. सातव्या दिवशी शेजारच्या रुख्मा काकूंनी बेलफळाचा मुरंबा पाठवला. मी खाल्ला. समजावत कुणाकुणाला बसणार?)

एकतिसावा दिवस उजाडला. पिल्लू आज नाही तर उद्या. आणि एकदा निघालं की एक-दोन दिवसांत ते आईबापामागे धानात शिरणार आणि दिसेनासं होणार. माझ्याकडे लहान लेन्स होती. नागपूरचा मित्र वीरेंद्र त्याची हातभर लांबीची लेन्स एका ओळखीच्या माणसाबरोबर गाडीनं पाठवत होता. ती घ्यायला मी सकाळी सायकलनं आमगाव स्टेशनला गेलो. (सायकलनं, कारण मोटरसायकल विकून कॅमेरा घेतला होता.) तीन तास मी गावात नव्हतो. आमच्या वडीलधाऱ्यांना तेवढे पुरतात.

ओमेश्वर काकाजी हे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. गावातले निम्मे तंटे त्यांचेच असल्यामुळे हे पद त्यांना सोयीचं पडतं. पुढच्या निवडणुकीत सरपंच व्हायचं असल्यानं त्यांना फ्लेक्स लावायला निमित्त लागतं. दशक्रियेचाही त्यांनी फ्लेक्स लावलेला आहे. उत्तेजनार्थ बक्षीस तर त्यांच्या हातात आयतंच पडलं.

बारा फूट बाय आठ फूट. मधोमध माझी सारस जोडी, अगदी खऱ्या सारसाएवढी. वर गोलात काकाजी, गॉगल लावून, कानाला मोबाइल. खाली 'प्रकृतिप्रेमी ओमेश्वरजी यांच्या मार्गदर्शनाने घवघवीत यश'. (काकाजींनी विकलेलं औषध फवारलं की बांधीत बेडूकसुद्धा उरत नाही.) दोन्ही बाजूंना शुभेच्छुक म्हणून अकरा वडीलधारे. त्यात श्यामलाल बाबाजी, ज्यांनी तरुणपणी सारसाची अंडी उकडून खाल्ली आणि अजून चव सांगतात. त्यात बाबूजी, जे मला हारला म्हणाले होते. आणि अगदी खाली, सारसाच्या पायाशी, गवतात, बोराएवढा मी. फोटो दहावीच्या हॉल तिकिटावरचा.

चौकातल्या खांबांवर आधीच कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. तेव्हा काकाजींनी डोकं चालवलं. लोक सारस बघायला रस्त्यावर थांबतात ते आमच्या बांधीपाशी. मग फ्लेक्सही तिथंच. चार बांबू रोवले आणि घरट्यापासून तीस पावलांवर तो तिरका उभा केला, रस्त्यावरूनही दिसेल आणि घरट्यावरूनही.

मी लेन्स छातीशी धरून परत आलो तेव्हा रस्त्यावर गर्दी होती. काकाजी फ्लेक्सपुढे हात जोडून उभे होते आणि त्यांची मुलगी रिंकी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढत होती. मी सायकल टाकली.

"काकाजी, काढा तो फ्लेक्स. लवकर काढा."

"काऊन? तुयाच तं कौतुक होय."

"सारस आपल्या जागेत दुसरी जोडी येऊ देत नाही जी. त्याला हे खरे वाटतील."

"अबे, फोटो होय तो. पक्षी का येडा आहे?"

एवढं बोलेपर्यंत नर धानातून निघाला होता. सारसाचा नर माणसाएवढा उंच असतो. लाल मान ताठ, पंख अर्धे उघडे, तो एकेक पाऊल मोजत येत होता, हद्दीचा दगड सरकवलेला दिसल्यावर आमच्याकडचे शेतकरी येतात तसा. काकाजी त्याच्याकडे पाठ करून मतदारांना हसत होते.

पहिला फटका फ्लेक्सला बसला. दुसऱ्याला काकाजी मध्ये आले.

"मनोहर, धाव रे." तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष एवढंच म्हणाले आणि बांधावरून चिखलात बसले.

बाबूजी काठी शोधत मला ओरडले, "हिमांशु, काकाजीले धर ना. कॅमेरा कायले काढून राहिला?"

मी ऐकलं होतं. खोटं कशाला सांगू? पण जिवंत सारस स्वतःच्याच फोटोशी लढतोय, असं दृश्य जगात किती जणांना मिळतं? पिल्लू नाही तर हेच दाखवीन, नोकरी मिळेल, गावाची थोबाडं बंद होतील. मी लेन्स चढवली आणि बटण दाबून धरलं. त्रेचाळीस फोटो. काकाजी तोवर चार हातापायांवर रस्त्याला लागले.

मग बाबूजींनी स्वतः जाऊन फ्लेक्स आडवा पाडला आणि तंटा मिटला.

संध्याकाळी लॅपटॉपवर फोटो उघडले. कॅमेऱ्याच्या फोकसला जिवंत सारसापेक्षा फ्लेक्स जास्त आवडला होता. समोरचा नर म्हणजे नुसता करडा धूर. मागचा छापील सारस मात्र पिसापिसासकट लख्ख. वीरेंद्रची हातभर लांबीची लेन्स लावून मी माझ्याच उत्तेजनार्थ फोटोचे त्रेचाळीस फोटो काढले होते.

सगळा दिवस जोडी घरट्यावर नीट बसली नाही. एक अंडं थंड पडलं. दुसऱ्यातून रात्री पिल्लू निघालं, पण बिथरलेल्या आईबापांनी त्याला उजाडायच्या आत धानात नेलं. मी जाळीमागे बसलो तेव्हा घरट्यात अर्धं कवच होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी जाळीमागे बसून रडलो. (मायनं लांबून बघितलं आणि परत ओवा भाजला.)

रिंकीचा व्हिडिओ मात्र लाखो लोकांनी पाहिला. नागपूरहून साहेबांचा फोन आला. मी आनंदानं उचलला.

"तो व्हिडिओ कुणी काढला? काय स्थिर हात आहे."

मी मोबाइल नेऊन रिंकीकडे दिला. तिनं दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "नाही जी सर, माझं बारावीचं वर्ष आहे." आणि ठेवून दिला. ज्यासाठी मी एकतीस पहाटा उकिडवा बसलो, ते तिनं फिजिक्सच्या क्लाससाठी नाकारलं.

दसऱ्यापासून मी आमगावला बसतो. काकाजींनी फ्लेक्स वाया घालवला नाही. दुकानासमोर ऊनपावसासाठी तोच ताणलाय. अकरा वडीलधारे वरून हसतात. एकाच्याही मिशीला धक्का लागलेला नाही. सारसानं एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर नेमका एकच चेहरा फोडला, पायाशी गवतात लपून बसलेला. अवकाळी पाऊस आला की त्या भोकातून पाणी गळतं, आणि माझं स्टूल बरोबर त्याखाली आहे.

परवा एका गिऱ्हाईकानं वर बघून विचारलं, "ओमेश्वरजी, या भोकात कोनाचा फोटो होता?"

काकाजी कानाचा मोबाइल न काढता म्हणाले, "विजेत्याचा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "उठ बे, युरियाची चुंगडी काढ."