जंगबारच्या कासवाचा कौल

देवळाच्या गवती छपराखाली सारा गाव श्वास रोखून उभा होता, आणि देव मात्र अगदी निवांत होता. त्याच्या काळ्या दगडी खांद्यांवर परशुराम गुरवाने दोन भिजलेल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी आधी गळली तर देवाचा होकार, डावी आधी गळली तर नकार. सकाळचे ऊन सरकत सरकत उंबऱ्याशी आले, तरी एकही पाकळी जागची हलेना! शांतता भातखाचरातल्या पाण्यासारखी साचत चालली होती. वरून नितळ, खाली पाय रुतवणारी.

त्या चिखलात सर्वांत खोल रुतला होता उमाजी. बाकीचे देवाकडे पाहत होते. तो फक्त डाव्या पाकळीकडे पाहत होता. "पड गं, माझे आई," तो मनातल्या मनात विनवत होता, "काय पायजे ते दीन, पण पड!" कारण उजवी पडली असती, तर अख्ख्या गावाला समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जंगबारला जत्रेसाठी न्यायचे होते. आणि वाटाड्या होता उमाजी!

हे सगळे घडले होते उमाजीच्याच एका नामी बेतामुळे.

कारवारच्या एका व्यापाऱ्याबरोबर तो जंगबारला लवंगांच्या वखारीत हमाली करायला गेला होता, आणि नुकताच परतला होता. येता-जाता समुद्राने त्याला धोपटण्याखालच्या धोतरासारखे पिळून काढले होते. कारवारच्या वाळूवर पाय टेकताच त्याने वाळूलाच साष्टांग नमस्कार घातला आणि शपथ घेतली, की यापुढे तिथली काळी नदीसुद्धा कमरेपेक्षा खोल असेल तिथे ओलांडायची नाही. आता त्याला एकच ओढ होती. भिकाजीमामाची पोरगी केशर! लग्नाची बोलणी झाली होती. मामा तारीख तेवढी धरू देत नव्हता.

"आई, तू बघच!" तो बायजाला म्हणाला होता. "मामाला जंगबारच्या चार गोष्टी ऐकवतो. मामा खूश झाला की लगीन झालंच म्हणून समज!"

भिकाजी हा बायजाचा थोरला भाऊ आणि गावचा गावकार, म्हणजे प्रमुख. दरवर्षी उळवीच्या जत्रेला गावाच्या गाड्या तो पुढे होऊन नेई, आणि उरलेले वर्ष त्याच थोरवीवर काढी. उमाजीने त्याच्या ओसरीवर बैठक मारली आणि सुरुवातीलाच हुकमाचे पान टाकले.

"मामा, तितं बंदरासमोरच्या बेटावर कासवं हायेत. केवढी म्हणशील? कोंबड्यांच्या डालग्यापेक्षा मोठी! वर माणूस बसला तरी चालत ऱ्हात्यात. आज्याच्या आज्यानं बघितल्याली नातवालाबी दिसत्यात."

भिकाजीचा अडकित्ता सुपारीतच थांबला. देवापुढच्या दगडी कासवाला हात लावल्यावाचून त्याने जन्मात कधी गाभाऱ्याकडे पाहिले नव्हते.

"जित्तं हाय?"

"जित्तं, मामा! पाला खातंय."

"अरे उमाजी!" भिकाजीने अडकित्ता खाली ठेवला. "आमी जल्मभर दगडाला हात लावला. तू जित्त्याचं दर्शन घेऊन आलास, आणि म्हशीचं सांगावं तसं सांगतोस व्हय रे?"

दिवस मावळायच्या आत जंगबारचे कासव घरोघरी पोचले. दुसऱ्या सकाळी गावकाराने जाहीर केले, की यंदा उळवी नाही, यंदा जंगबार!

"आणि लगीन, मामा?"

"जत्रेनंतर! आता मला वाटाड्या पायजे, नवरदेव न्हवं."

उमाजीच्या पायाखालची ओसरी गलबतासारखी डुलली. त्याने डाव फिरवला. गोडव्याऐवजी भीती घालायची!

"मामा, समुद्रावर पोटात काय ऱ्हात न्हाई. आतडी तोंडाशी येत्यात!"

"बरंच की. देवाकडं रिकाम्या पोटीच जायचं असतंय."

"शहरात गल्ल्या अशा, की समोरून गाढव आलं तर माणसानं भिंतीला चिकटायचं. गाडी शिरतच न्हाई."

"उळवीच्या गुहेत तरी गाडी शिरती काय? सरपटतच जातो न्हवं?"

"दारादारावर पितळेचे सुळे हायेत. पोटात घुसले तर?"

"हत्तीसाठी असतील ते," आतून फुलामामी म्हणाली. "येताना तसलं एक दार आणा. आपल्या भाताच्या कणगीला लावू या."

उमाजीने शेवटचा बाण काढला. "तिथल्या सुलतानाच्या म्हालात दिवे जळत्यात, मामा. तेल न्हाई, वात न्हाई, फुंकर मारली तरी इझत न्हाईत! दुबळ्या काळजाचा माणूस जागच्या जागी मरंल."

भिकाजीने डोळे मिटून हात जोडले. "नंदादीप!" तो पुटपुटला. "बिनतेलाचा नंदादीप! आणि हे तू आता सांगतोस?"

उमाजीच्या तोंडून निघालेले भयाण ठिकाण मामाच्या कानापर्यंत पोचेस्तोवर क्षेत्र होऊन बसत होते! तो जितका भिववी, तितके लोक सरसावत. बायकांनी पोहे कांडले, बाप्यांनी गाड्यांच्या आखांना वंगण घातले. कारवारला गाड्या थांबतील, त्यापुढे काय, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. एकच गोष्ट उरली होती. कौल घेतल्याशिवाय या गावातून कोणी जत्रेला निघत नसे.

म्हणून ही शांतता.

आणि टप्पकन पाकळी गळली.

"डावी!" गुरव ओरडला. "देव न्हाई म्हणतोय!"

भरती ओसरावी तसे भय उमाजीच्या अंगातून उतरले. छपराच्या फटीतून दिसणारे चिमूटभर आकाश त्याला एकाएकी इतके निळे दिसले, की डोळ्यांत पाणी आले. पण भिकाजी गावकार होता, आणि गावकार एका पाकळीने खचत नसतो.

"जत्रेला न्हाई म्हटलं देवानं, कासवाला न्हाई म्हटलं न्हाई. गुरवा, असं इचार. कासवालाच हिकडं आणायचं काय?"

या खेपेला गुरवाचा हात मागे येण्याआधीच उजवी गळली. "आणायचं!" एकच गलका झाला. मग सगळ्या माना उमाजीकडे वळल्या. वाऱ्यासरशी भाताची कणसे वळावीत तशा.

"उमाजीबिगर कोण जाणार?" भिकाजी म्हणाला. "वाट त्यालाच ठावी. ह्येला कौल कशाला पायजे?"

"पायजे, अण्णा!" बायजा पुढे आली. "माझं लेकरू पुन्हा समुद्रात ढकलायचं तर देवाला इचारून ढकल. तुझ्या हौसेला इचारून न्हवं!"

पुन्हा पाकळ्या. उमाजीने डोळे मिटले, तर आत समुद्रच होता; उघडले, तर बायकांच्या घोळक्यातून केशर टक लावून पाहत होती. पाकळीकडे नव्हे, त्याच्याकडे!

"डावी! उमाजीनं जायचं न्हाई!"

उमाजी होता तिथेच मटकन बसला. केशरने पदर तोंडाशी नेला. हसू की रडू, देव जाणे. बायजा मात्र हलली नाही.

"गुरवा, आता अण्णाचं नाव घे."

"माझं? माझं कशाला?"

"गावकार तू. कासव पायजे तुला. मग काय आमी जाऊ?"

भिकाजी आणखी काही बोलणार, तोच गुरवाने नव्याने लावलेली पाकळी गळली. उजवी!

"गावकारानं जायचं!" गुरवाने दणकून सांगितले.

भिकाजीचा चेहरा पाणी जास्त झालेल्या पिठासारखा सैल पडला. "जायला काय," तो म्हणाला, "पण माझा गुडघा..."

"गलबतात चालायचं नसतंय, अण्णा. बसायचं असतंय."

"म्हस व्यायला झालीया!"

"म्हस काय तुमचं तोंड बघून व्यायची हाय?" फुलामामी म्हणाली. "मी हाय की."

भिकाजीने चहूकडे पाहिले. गावाने त्याच्याकडे पाहिले. आणि मग त्याचा चेहरा उजळला; बुडत्याला काडी नव्हे, अख्खी होडी सापडली होती.

"थांबा! ठरल्याली पोर घरात ठेवून बापानं समुद्र वलांडायचा? कुठली रीत ही? आधी लगीन! ह्याच म्हैन्यात! गुरवा, मुहूर्त काढ. उमाजी, असा बसलास काय? ऊठ, मांडवाला मेढी तोडायच्यात!"

उमाजी उठला. मन पिकल्या शेतावरच्या पाखरागत हलके झाले होते. भीतीने त्याला सकाळपासून मुके ठेवले होते. सुटकेने जरा वाचाळ केले.

"व्हय, मामा. आणि लगीन उरकल्यावर निघताय कवा? गलबतवाल्याला निरोप धाडून ठेवतो."

भिकाजीने देवाकडे पाहिले, फुलाकडे पाहिले, खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि शेताच्या वाटेला लागला.