टोपीवाला हसतोय की रडतोय?

नाना डोळे तपासायचे ते अक्षरांच्या तक्त्यावर नाही, फोटोवर. जुन्या संस्थानी कचेरीतल्या कारकुनांचा एक ग्रुप फोटो भिंतीवर होता, नानांच्या आजोबांनी काढलेला. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, भिंगं बदलत राहायची आणि विचारायचं, "मागच्या रांगेतला टोपीवाला हसतोय की रडतोय?"

"मिशी दिसते, काका."

"मिशी आंधळ्यालाही दिसते. पुढे बोला."

टोपीवाल्याचा चेहरा लागला की नंबर लागला. एकदा एक प्रोफेसर चिडले, "एबीसीडी नाही का तुमच्याकडे?"

"ती तुम्हाला पाठ आहे," नाना म्हणाले. "टोपीवाला नाही."

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याला बडोद्याजवळ सावली गावी एका कारखान्यात काम मिळालं म्हणून बडोद्याला आले. मांडवीतल्या नानांच्या या चष्म्याच्या दुकानात नोकरी मागायला गेले, तेव्हा आता हे शिक्षण विचारणार म्हणून परत फिरायच्या बेतात होते. नानांनी ते विचारलंच नाही. फोटोकडे बोट केलं. "काय म्हणतोय?"

"त्याला घरी जायचंय," मी म्हणाले.

नानांनी फडकं माझ्यापुढे केलं. मग म्हणाले, "काउंटर पुसायला घे."

दुकानाचा इतिहास ते सगळ्यांना ऐकवायचे. गिऱ्हाईक घाईत असलं तर जास्तच. आजोबांनी संस्थानची कारकुनी सोडून फोटो काढायच्या काचा आणि फोटो धुवायची औषधं विकायला काढली, तेव्हा घरचे कुणी मेल्यासारखे रडले म्हणे. वडिलांनी त्याला चष्म्याची जोड दिली. "डार्करूममध्ये डोळे बिघडवायचे आणि बाहेर चष्मा विकायचा. घरच्या घरी धंदा!" नानांच्या हयातीत रोल गेले, कागद गेला, डार्करूममध्ये झाडू-बादल्या आल्या. राहिला त्यांचा एक शब्द. रोल चुकून उघडून फोटो वाया गेले की फोटोवाले म्हणायचे, उजेड लागला. नानांच्या तोंडी तो कशालाही. शेजाऱ्याचं लग्न मोडलं, उजेड लागला. डब्यातली आमटी आंबली, उजेड लागला.

मग चष्म्यालाही लागला. लोक नानांकडून नंबर काढून घ्यायचे आणि चष्मा मोबाइलवरून मागवायचे. तो सैल झाला की आवळायला परत नानांकडेच. "ही चष्म्याची दांडी आहे की दात कोरायची काडी?" असं म्हणत नाना आवळून द्यायचे.

शेवटी शहरातच निजामपुऱ्याला राहणारा त्यांचा मुलगा एका दुपारी आला आणि म्हणाला, "बाबा, आता बास. दुकान भाड्याने देऊन टाकलंय."

मला वाटलं, नाना आता काहीतरी भन्नाट बोलतील. नाना म्हणाले, "चालशे."

चालेल, एवढंच. मी आत जाऊन उगाच बादली विसळत बसले. नवऱ्याचं काम कंत्राटी, आज आहे उद्या नाही. मला दुसरीकडे कोण घेणार? पण मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या नव्या शेठनी मला ठेवून घेतलं. मी आभार मानले तर हसले. "काकानी एक ज शरत हती, बेन. तमने राखवानां."

मला कामावर ठेवायचं ही नानांची एकच अट, आणि त्यातलं अक्षरही त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

आता दुकानात सगळीकडे चकचकीत कव्हरं लटकतात. नाना रोज मुलाच्या घरून, निजामपुऱ्याहून बसने येतात आणि दाराबाहेर स्टूल टाकून, हातात बारका पेचकस घेऊन बसतात. कुणी सैल चष्मा आणला तर आवळून देतात. बहुतेक दिवस कुणी येत नाही. मग ते स्वतःचाच चष्मा काढतात, स्क्रू ढिला करतात आणि पुन्हा आवळतात. मी आतून बघते, आणि कुणी कव्हर मागितलं की भलतंच देते.

परवा शेठ हळूच म्हणाले, "बेन, काकांना सांगा ना, जरा लांब बसा. गिऱ्हाइकाची वाट अडते. तुमचं ऐकतील."

मी बाहेर आले. दारातलं एक कव्हर उगाच सरळ केलं. नानांनी वर पाहिलं, मग माझ्यामागे दारात उभ्या शेठकडे.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले आणि उठून त्यांनी स्टूल काखेत मारलं. "समोरचा चहावाला कधीचा बोलावतोय. त्याच्याकडेच बसेन म्हणतो आता. तू आत जा, काउंटर उघडा टाकू नये."

"हो, नाना," मी म्हणाले.

रस्ता ओलांडून ते गेले. चहाची टपरी त्या दिवशी बंद होती.