दारावर बसणारे लोटनबापू

आमच्या शेजारचे लोटनबापू लग्नाला बोलावूनही जात नसत आणि मयताला न बोलावता जात.

मुलांनो, तापीकाठच्या आमच्या गावाकडे कुणी वारलं की लोक त्या घरी बसायला येतात. त्याला ‘दारवर येणं’ म्हणतात. बायका तोंडावर पदर ओढून सूर लावतात, पुरुष सतरंजीवर मुकाट बसतात. बापूंचा हा एकुलता एक छंद. “बसाले जाणं पडी,” म्हणत ते उपरणं डोक्यावर घेत आणि कोसच्या कोस तुडवत. तिथे मान खाली घालून, बोटाने मातीत रेघा ओढत, सगळे उठले तरी बसून राहत. परत आले की माझ्या ओट्यावर निकाल जाहीर होई.

“सून जोरमा रडे, पन डोयामा पानी नही, वहिनी.”

मी इंग्रजी शिकून या गावात सून म्हणून आलेली. माझ्या रडण्याबद्दल त्यांचं मत तुमच्या आजोबांपर्यंत पोचलं होतं. “वहिनी रडी ऱ्हायन्यात का मनमा पाढे म्हनी ऱ्हायन्यात, काही समजत नही.”

त्यांची बायको केसरबाई. मूलबाळ नव्हतं. एकदा ती तापाने फणफणली असताना बापू कुणाच्या तरी मामेसासऱ्याच्या दारावर गेले. परतले तेव्हा तिने गाठोडं बांधलं होतं.

“मी मरसू तवंच तुम्ही मन्हाजोडे बसशात,” ती म्हणाली. “तवलोंग मी मन्हा बापना घर ऱ्हासू.”

आणि ती ब्राह्मणपुरीला माहेरी निघून गेली. वर्षं लोटली. तिला आणायला जा, असं मी किती वेळा सांगितलं. बापू खरोखरच गोंधळून माझ्याकडे बघत. “तठे कोनी मरेल नही. मी कसा जाऊ?”

त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती, तेव्हा त्यांचं चालणं थांबलं. ओट्याच्या पायऱ्या चढताना धाप लागे. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून रात्र रात्र भिंतीला टेकून बसत. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्याने हृदयाची झडप अरुंद झाली, असं निदान झालं. मुंबईचे डॉक्टर छाती उघडून, धडधडत्या हृदयात बोट घालून ती झडप रुंद करतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. तेव्हा ते नवलच होतं. वाचण्याची खात्री कुणी देत नव्हतं.

बापूंनी विचार केला. “म्हनजे मन्हा दारवर पहिला डॉक्टरच यी.”

मी त्यांची पेटी भरली: स्वेटर, पेला, धुतलेली धोतरं. त्यांची तयारी निराळी होती. त्यांनी स्वतःचा ओटा सारवून घेतला आणि एक कोरी सतरंजी माझ्या हवाली केली.

“लोके येतीन. त्यास्ले बसाले काही पाहिजे ना?” मग सतरंजीची दशी चिमटीत धरून म्हणाले, “पन मन्हा दारवर रडाले शे कोन, वहिनी?”

“केसरबाईंना निरोप धाडू का?”

“नको. तिले वाटी, मी मरानी भीती दाखाडी ऱ्हायनू.”

धाकटा भाऊ हिलाल त्यांना घेऊन मुंबईला गेला. त्यानंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी हिलाल एकटाच मोटारीतून उतरला. डोक्याचा गोटा केलेला.

आमच्याकडे बाप्या माणसाचं बोडकं डोकं एकच गोष्ट सांगतं. पाणवठ्यावरच्या बायकांनी हंडे खाली ठेवले आणि सूर लावला. घराघरातून माणसं धावली. मी ती कोरी सतरंजी बापूंच्या ओट्यावर अंथरली. हिलाल वेशीपासून हे पाहत आला. ओट्याशी पोचला आणि मटकन बसून ऊर बडवू लागला, “मन्हा भाऊ गया वं माय!”

असा आक्रोश आमच्या गल्लीने पाहिला नव्हता. बापू असते तर पसंत पडला असता. आसपासच्या गावांत निरोप गेले. बऱ्याच वेळाने मला विचारायचं सुचलं.

“हिलालभाऊ, केव्हा गेले बापू?”

त्याने डोळे पुसले. “माले काय मालूम? तुम्हीच सांगा ना. मी निंघनू तवं दूध पी ऱ्हायनता.”

ऑपरेशन चांगलं झालं होतं. भाऊ वाचला म्हणून हिलाल वाटेत सप्तशृंगीला केस वाहून आला होता. गल्लीत रडणं ऐकलं आणि त्याला वाटलं, आपल्यामागून तार आली.

रडणारेच हसायला लागले. कुणीतरी चहा ठेवला. दिवे लागायच्या वेळी एक बैलगाडी येऊन थांबली. केसरबाई उतरली. दोन्ही मनगटं उघडी होती, एकावर रक्त सुकलेलं. बातमी ऐकताच तिने बांगड्या फोडल्या होत्या.

“जित्ता शे वं,” कुणी हसत म्हणालं.

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. मी पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही. त्याच गाडीत ती परत गेली. मग कुणी हसलं नाही.

बापू घरी आले ते निम्मे होऊन. डाव्या छातीखालून पाठीपर्यंत व्रण. पण उताणे झोपू शकत होते. आल्याबरोबर विचारलं, “कोन कोन उनं व्हतं?” मी सगळी नावं सांगितली. शेवटी उघड्या मनगटांचंही सांगितलं. बापूंचं बोट खाटेच्या सुंभावर कितीतरी वेळ फिरत राहिलं.

जरा बळ येताच त्यांनी गाडी जुंपायला सांगितली. शेजारी बांगडीवाल्या कासाराला बसवलं, सोबतीला मला घेतलं.

“कुठे निघालो आपण?”

“बसाले जाणं पडी,” ते म्हणाले.

ब्राह्मणपुरीला तिच्या दारापुढे ते उपरणं डोक्यावर घेऊन भुईवर बसले. तिचा भाऊ घाबरून बाहेर आला. “बापू, कोन गयं?”

“कोनी नही. बसाले उनू.”

केसरबाई दारात आली. कासाराने हिरवा चुडा पुढे केला. ती बसली आणि तिने हात पुढे केले. बापूंनी वर पाहिलं नाही, मातीत रेघा ओढत राहिले. चुडा भरून झाल्यावर ती आत गेली, गोधडी आणली आणि त्यांच्यापुढे टाकली.

“डाक्टरनी भुईवर बसाले सांगं का?”

एवढंच. ती सासरी परत आली नाही. बापू मात्र दर बाजाराच्या दिवशी तिच्या दारावर जाऊन बसत. दुसऱ्यांच्या मयतांना जाणं त्यांनी सोडलं.

काही वर्षांनी ती झडप पुन्हा आवळली. या वेळी मुंबईपर्यंत पोचता आलं नाही. मी पुन्हा तीच सतरंजी अंथरली. केसरबाई आली, थेट त्यांच्या उशाशी जाऊन बसली. बायका रिवाजाप्रमाणे तिचे हात धरायला पुढे झाल्या. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

“एकदाव फोडी टाक्यात,” ती म्हणाली. “आते ऱ्हाऊ द्या.”