वानखडेकाकांची शिशी

वानखडेकाका भेटले की नमस्कार नंतर, आधी खिशातली शिशी आपल्या नाकाखाली. "वास घ्या. कशाचा येते?"

"सोयाबीनचा," मी म्हणते. शंभरदा सांगून झालंय, पण उत्तर मिळाल्याशिवाय ते चहाला हात लावत नाहीत.

"शाब्बास! डीपीत टाकाचं नवीन तेल हाये हे. लवकर पेटत नाही, सांडलं तं माती मरत नाही. हे तेल माणसात हाये!"

काका अकोल्यात डीपी, म्हणजे विजेचे ट्रान्सफॉर्मर, दुरुस्त करण्याच्या कारखान्यात होते. आता निवृत्त, आमच्या शेजारी एकटेच राहतात. दर्यापूरच्या एका लग्नात तर स्टेजवर चढून त्यांनी नवरदेवालाच शिशी हुंगवली. त्याचा फोटोही निघाला, बाप्पा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

असा हा माणूस एकदा माझ्या सासूबाईंवर कडाडला. आमच्याकडे गुडघेदुखीवर डीपीतलं जुनं, काळं तेल म्हणजे रामबाण समजतात. सासूबाई साधं एवढंच म्हणाल्या, "वानखडेभाऊ, तुमी त्या कामातले. शिशीभर जुनं तेल आणून द्या ना."

"नाही म्हंजे नाही!" अर्धा चहा तसाच टाकून गेले. चार दिवस फिरकले नाहीत.

मला रागच आला. म्हाताऱ्या बाईवर ओरडायचं म्हणजे काय? जाब विचारायला गेले, तर काका बायकोच्या फोटोसमोर बसलेले.

"पोरी, हिचेबी गुडघे दुखत. जुनं तेल म्याच आणलं, म्याच चोळलं. वर्सानुवर्सं. कातडीवर चट्टे उठले तरी म्हणे, तुमच्या हातानं बरं वाटते. डॉक्टर म्हणे, तिच्या जाण्याशी तेलाचा संबंध नाही. पण त्याले काय मालूम, म्या किती चोळलं!"

माझा राग कुठल्या कुठे गेला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मग सासूबाईंना ते नवीन तेल द्या."

"हेबी मशीनचंच हाये. गुडघ्याले नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. खिशातली शिशी या वेळी तिळाच्या तेलाची होती. माझ्याच गॅसवर वाटीत कोमट केलं आणि सासूबाईंच्या पायाशी जाऊन बसले. "मोठ्या बहिणीचे पाय हायेत," म्हणाले. सासूबाई आधी संकोचल्या, मग डोळे मिटून बसल्या. काका बराच वेळ चोळत होते.

"पुरे भाऊ, थकले असान."

"थकत नाही बाई. घरी आता चोळाले गुडघेच नाहीत."

सासूबाईंनी दुसरा पाय पुढे केला.