मीनाक्षीबाईंच्या कॉलेजला आलेली स्थळं

आमच्या ज्ञातीतली निम्मी लग्नं माझ्या लेखणीने जुळली आहेत. मुलगी कशीही असो, चार ओळींत तिची माहिती अशी लिहितो की मुलाकडच्यांनी व्हिक्टोरिया करून धावत यावं. त्यामुळे ठाकूरद्वारच्या आमच्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉल मीनाक्षीबाई म्हणाल्या, "कमलाकांत, यंदा वीस नव्या मुली आल्या नाहीत तर ट्रस्टी कॉलेज बंद करणार. माहितीपत्रक तुम्ही लिहा," तेव्हा हेडक्लार्क असूनही मी मिशीला पीळ दिला.

एका बैठकीत लिहून काढलं. 'मुलींचं खासगी कॉलेज. वस्ती चांगली, वळण घरंदाज. आमच्या मुली संस्कृत, इतिहास, तत्त्वज्ञान जाणणाऱ्या, गोड गळ्याच्या. पत्रिकेचा आग्रह नाही. शनिवारी सकाळी समक्ष पाहून जावं.' पत्रिकेचं हाताच्या सवयीने उतरलं. बाई पुण्याला गेल्या होत्या, म्हणून न दाखवताच छापलं आणि गिरगावापासून वरळीपर्यंत वाटलं.

शनिवारी फाटकाशी ही गर्दी! पण त्यात मुलगी एकही नाही. काळ्या टोपीतले बाप, नथ घातलेल्या आया आणि मधोमध पावडर लावलेले मुलगे.

"मुली कधी बाहेर आणताय?" एक गृहस्थ म्हणाले. "आमच्या जयवंतला ऑफिस आहे."

वरळी कोळीवाड्याच्या राधाबाई तर टोपलीभर पापलेटं घेऊन आलेल्या. "माझा हरेश्वर होडी चालवतो. तत्त्वज्ञानवाली नको, भांडंल. इतिहासवाली दाखवा."

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. पाच माणसं एकत्र दिसली की पोलीस हजर. हवालदाराने दंडुका आपटून विचारलं, "मोर्चा कुणाचा?" मी पत्रक पुढे केलं. त्याने ते वाचलं, दंडुका काखोटीला मारला आणि हळूच म्हणाला, "भाचा आहे माझा. गोदीत परमनंट."

तेवढ्यात मीनाक्षीबाई आल्या. त्यांनीही पत्रक वाचलं. माझी नोकरी गेलीच असं मी धरून चाललो. पण त्या पायरीवर चढून शांतपणे म्हणाल्या, "आमच्या मुलींचं शिक्षण चार वर्षांनी पुरं होईल, तेव्हा या. मात्र जे घर स्वतःची मुलगी शिकवत नाही, त्या घरात आमची मुलगी जाणार नाही."

दुपारपर्यंत त्या मुलग्यांच्या, मॅट्रिक होऊन घरी बसलेल्या बहिणी हाताला धरून आणल्या गेल्या. राधाबाईंनी आपल्या लेकीला, मंजुळेला, बाजारातून, माशाच्या पाटीवरून उठवून आणलं. एकोणीस नावं लागली.

"विसावी तुमची नलू," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

मी धापा टाकत घरी गेलो. नुकतीच मॅट्रिक झालेली माझी लेक पुस्तकातून मानही वर न करता म्हणाली, "मुली बघायला रांग लागते तिथे मी यायची नाही. यायचं तर एक अट. चार वर्षं मला बघायला कुणी येता कामा नये." मी देव्हाऱ्यासमोर शब्द दिला. कॉलेज वाचलं.

आता एवढंच यशोदेला, म्हणजे नलूच्या आईला, सांगायचं राहिलंय. तिने उद्या दादरची मंडळी पोह्यांना बोलावली आहेत. मुलीची माहिती वाचूनच त्यांनी होकार कळवला म्हणे. लिहिली मीच होती.