सातव्या पानावरचा मध्यस्थ

"सहा पेपर लिहिलेस आणि सहाही ठिकाणी नाव शेवटी!" बाळाच्या मोज्यांच्या जोड्या लावत सासूबाई म्हणाल्या. "शाळेत म्हणे पहिली यायचीस."

"अहो आई, कितीदा सांगू? आमच्या विषयात पेपरवर सहलेखकांची नावं आडनावाच्या अक्षरानुसार लागतात. आणि हे शेवटचं आडनाव तुमच्याच घरातून आलंय."

सुनेची मुलाखत पाऊण तासावर आली होती. संगणकाला कुठलं काम झटपट जमेल आणि कुठलं कधीच जमणार नाही, हे संगणकाला हातही न लावता कागदावर सिद्ध करायचं, हा तिचा उद्योग. त्यापायी सहा वर्षांत तीन तात्पुरत्या नोकऱ्या आणि तीन घरं झाली होती. ही नोकरी याच गावातली आणि कायमची. बाळ आत्ता कुठे या घरात रात्रभर झोपायला लागलं होतं. नोकरी हुकली की पुन्हा खोकी बांधा!

समितीतले पाच जण पाच गावांत, म्हणून मुलाखत पडद्यावर होती. रंगीत तालमीला श्रोता हवा म्हणून तिने सासूबाईंनाच धरलं.

"समजा, मोठी गर्दी आहे. त्यातले कुठलेही दोघं घ्या. त्यांना जोडणारा एक मध्यस्थ सापडतोच. म्हणजे झाले तिघं. या तिघांवर माझं सगळं उभं आहे."

"आणि मध्यस्थच नवरामुलगा निघाला तर?"

"काय?"

"माझ्या मावसबहिणीचं तसंच झालं. स्थळ आणलं दुसऱ्याचं आणि बोहल्यावर चढला स्वतःच! मग तिघं कुठले? दोघंच की."

सून हसली, आणि हसू अर्ध्यावरच थिजलं. मुलाखतीत मांडायच्या, अजून न छापलेल्या पेपरच्या सातव्या पानावर त्या जागी तिने लिहिलं होतं, 'हे उघडच आहे.' त्यामुळे दोन वर्षांत सहलेखकांपैकी कुणी तिथे डोकावलंच नव्हतं.

तिने एका पाकिटाच्या पाठीवर डागडुजी सुरू केली. इथे टाका घातला की तिथे उसवायचं. शेवटी बाळाने पाकीटच चघळलं. त्यातलं जे वाचता येत होतं, तेही चूकच होतं.

मुलाखत सुरू झाली. सातवं पान आलं. पडद्यावर पाच माना डोलत होत्या. तिने काही न सांगता पान उलटलं असतं तरी तशाच डोलल्या असत्या. दाराआड सासूबाई बाळाला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"इथे माझी चूक आहे," ती म्हणाली. "मध्यस्थ त्या दोघांतलाच एक असू शकतो."

माना थांबल्या. समितीचे अध्यक्ष चष्मा पुसू लागले.

"कुणाच्या लक्षात आलं?"

"सासूबाईंच्या."

"कुठल्या विद्यापीठात असतात?"

"घरीच असते!" दाराआडून उत्तर आलं.

"मी गेल्याच आठवड्यात हा पेपर वाचला," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "ही चूक सापडायला मला तीन दिवस लागले. यांना किती लागले?"

"मोज्यांच्या दोन जोड्या," सून म्हणाली.

मग तासभर सहा जणांनी मिळून ते पान सावरलं. निष्कर्ष आधीपेक्षा लहान झाला, पण खरा झाला. पंधरा दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. खोकी माळ्यावरच राहिली.

"पेपरात तुमचे आभार मानते, आई."

"घरच्या माणसाचे कसले आभार? नाव घाल."

सहलेखक हसत कबूल झाले. नाव लागलं. दोघींचं आडनाव एकच, म्हणून मग पहिल्या नावाचं अक्षर पाहिलं गेलं. छापील पेपर हातात घेऊन सासूबाईंनी नावांवरून बोट फिरवलं, स्वतःच्या नावाशी जरा थांबल्या आणि एक ओळ खाली, सुनेच्या नावावर आल्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "परत शेवटचीच!"