पेटी येणार

सातव्या गावातही कोणी ऐकायला बसलं नाही, तर सायकल बसच्या टपावर टाकून घरी यायचं, असं पेटीवाल्यानं बायकोला कबूल केलं होतं. सहा गावं तो पेटी कॅरिअरला बांधून रेटत आला होता आणि सहाही ठिकाणी रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवून पुढे गेला होता. "अहो, खुर्चीला हात असतात, पाय असतात, पाठ असते," बायको फोनवर म्हणाली होती. "कान नसतात!"

म्हणून सातव्या गावच्या कचेरीत त्यानं आधीच फोन केला. "बुधवारी चारला पेटी घेऊन येतो. सभागृह उघडं ठेवा." कारकुनानं जन्मात पहिल्यांदा एखादं काम त्याच दिवशी केलं. दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'बुधवारी चार वाजता पेटी येणार.'

बुधवारी दाराशी शंभरेक माणसं! पेटीवाल्याचा ऊर भरून आला. पेटी टेबलावर ठेवून तो तोंड धुवायला गेला. कचेरीचा नळ कोरडा. समोरच्या दुकानात पाणी मागून परतेपर्यंत वीस मिनिटं गेली. येऊन बघतो तर टेबलापुढे रांग, आणि जो तो घडी घातलेला कागद पेटीच्या जाळीतून आत कोंबतोय.

"अरे, काय करताय? वाजायची बंद पडेल!"

"आता साहेबाची वाजेल!" रांगेतला शिंपी म्हणाला. "तीन वर्षं झुलवलंय, तक्रारपेटी देतो, तक्रारपेटी देतो. माझ्या दारात गटार तुंबलंय."

"ही गाण्याची पेटी आहे हो!"

"गाणं काय, गाऱ्हाणं काय, गळा काढायचाच ना? सरका."

कारकुनानं त्याला बाजूला ओढलं. "मास्तर, पाया पडतो, गप्प बसा. पेटी उचललीत तर मला इथंच तुडवतील."

कचेरीची रीतच ही. कान द्यायचा नाही, भोक द्यायचं. लोकही भोळे, भोकात कागद टाकला की हलके होऊन घरी जातात. तसेच गेले.

पाच वाजले. पेटीवाल्यानं भाता हलवला. दमेकऱ्यासारखी नुसती धाप. त्यानं झाकण काढलं आणि एकेक चिठ्ठी उपसायला घेतली. नळ. गटार. दिवा. पुन्हा नळ. सगळ्या गावानं पेटीत जीव ओतला होता आणि ऐकायला कुत्रंही थांबलं नव्हतं. घरी फोन करावा म्हणून त्यानं खिशात हात घातला, तेवढ्यात मधल्या सुरात अडकलेली शेवटची चिठ्ठी दिसली. 'चारला पेटी होती. सव्वाचार झाले तरी वाजवणाऱ्याचा पत्ता नाही. ही काय पद्धत झाली?'

त्यानं मान वर केली. मागच्या रांगेत, खांबाआड, एक म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"मावशी, ही तुम्ही लिहिलीत?"

"मग? पेटी म्हणजे वाजवायचीच ना? दुसरी कसली असते? सगळे टाकत होते, मीपण टाकली. तुम्हीच का ते उशिरा येणारे?"

"मीच."

"मग बघताय काय तोंडाकडे? वाजवा की!"

पेटीवाल्यानं डोळे पुसले आणि सूर धरला. दुसऱ्या ओळीवरच कारकून धावत आला.

"अहो मास्तर, थांबा, थांबा! तक्रारीची दखल त्याच दिवशी? असं करू नका हो, लोकांना सवय लागते!"